ऐकू आलं की जाणवलं?

जेवणाच्या सुट्टीला अजून पाऊण तास होता आणि तिचे अठ्ठावीस कान झाले होते. माणसं चौदाच, पण तिच्या कामात माणसं मोजायची पद्धत नाही, कान मोजतात. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. पंधरा वर्षं तक्त्यावर हेच गोल आणि फुल्या काढून हात इतका बसला होता की घरी सामानाच्या यादीवरसुद्धा आणलेल्या वस्तूपुढे ती गोल करायची, राहिलेल्या वस्तूपुढे फुली, आणि गोल करायला लाल पेनच शोधायची.

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. गेली चार वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरातली माणसं वर्षातून एकदा तिथे कान तपासायला येत. दिवसभर पंपांच्या घरघरीत उभं राहणाऱ्यांचे कान दरवर्षी बघायचे, चांगले निघाले तरच त्यांना पंपाशी ठेवायचं, असा नियम होता. ही माणसं तिला 'कानवाल्या ताई' म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. लोक याहून वाईट नावं ठेवतात.

काम सांगायला सोपं. मोठ्या कपाटाएवढी एक आवाजबंद केबिन, तिला सगळे 'डबा' म्हणायचे. डब्याला एक काचेची खिडकी. आत माणूस बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. बाहेर ती, यंत्रापाशी. ती एक बारीक सूर सोडते. तो ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं, म्हणजे तिच्यासमोर हिरवा दिवा लागतो. लागला की पुढचा सूर आणखी हळू, नाही लागला की थोडा मोठा. असं करत करत प्रत्येक कानाची शेवटची पायरी शोधायची. करायला मात्र ते सोपं नाही, कारण आत माणूस असतो. कुणी परीक्षेला बसल्यासारखा घाबरून सारखंच बटण दाबतो, कुणी नापास व्हायच्या भीतीने श्वाससुद्धा घेत नाही. एक जण तर चक्क घोरला होता, आणि स्वतःचं घोरणं ऐकून बटण दाबून मोकळा झाला होता.

शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दोन सुरांच्या मधे सारखं अंतर कधी ठेवायचं नाही. ठेवलंत की माणूस कानाने ऐकायचं सोडतो आणि तालाने ऐकायला लागतो." पहिली काही वर्षं ती मनात आकडे धरायची, दोन, पाच, तीन, सात, आणि तेवढी थांबायची. मग आकडे सुटले. आता खोटं कशाला बोला, ती दमली होती. आजची नाही, चांगली पाच-सहा वर्षं दमलेली होती. दिवसभर दुसऱ्यांचे कान उघडायचे आणि संध्याकाळी स्वतःचे मिटून घ्यायचे, असं तिचं चाललं होतं. घरी कुणी बोलायला लागलं की ती 'हं' म्हणायची. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, तुझेच कान तपासून आणू का? तेव्हाही ती 'हं' म्हणाली होती.

पंधरावा माणूस वेल्डर होता. डब्यातून बाहेर येऊन त्याने कान चोळले.

"कसे काय आहेत आमचे?"

"उजवा बरा आहे. डावा थोडा उतरलाय. काम करताना कानात प्लग घालता का?"

"घालतो की. कधी कधी."

"म्हणजे नाही."

वेल्डर हसला. जायला निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "ताई, एक सांगू का? माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका. यादीत पुढचा नंबर आमच्या वैद्याचा आहे. त्याचे जरा नीट बघा."

तिचं पेन फुलीच्या मधेच थांबलं.

"वैद्य म्हणजे आमचा पंपांचा म्हातारा," वेल्डर सांगू लागला. "सळईचं एक टोक पंपाला लावतो, दुसरं कानाला, आणि सांगतो ह्याला काय दुखतंय. म्हणून वैद्य. माणूस सोन्यासारखा, त्यात वाद नाही. पण परवा क्रेनचा हूक सुटून झुलत आला मागून. अख्खं पंपघर ओरडलं, भोंगा वाजवला, तरी हा आपला पाठ करून उभा. मी शर्टाला धरून ओढला म्हणून वाचला. वर मलाच शिव्या घातल्या, शर्ट फाडला म्हणून."

"त्यांचा मागच्या वर्षीचा तक्ता चांगला आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच ठेवायला तिला जरा जड गेलं.

"तेच तर! आम्ही साहेबांना सांगून दमलो. साहेब म्हणतात, कागद चांगला आहे, कानवाल्या ताईंची सही आहे, तुम्ही कोण सांगणारे?"

वेल्डर गेला. तिने फुली पुरी केली. वैद्य तिचे वडील होते.

हे वेल्डरला ठाऊक असायचं कारण नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, आणि बाबा नाकासमोर चालणारे, कामाच्या जागी नातं सांगत नसत. डॉक्टरांना तिने सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला, कान चांगले तर आहेत. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, मागच्या वर्षी का नाही सांगितलंस. पुढे ते तसंच राहून गेलं.

तिला शर्ट आठवला. परवा संध्याकाळी आई खांद्यापाशी उसवलेला निळा शर्ट शिवत बसली होती. कशाने फाटला विचारलं तर म्हणाली, दाराच्या कडीत अडकला. ती 'हं' म्हणाली होती.

"नमस्कार मॅडम," बाबा आत येत म्हणाले. दरवर्षीचा खेळ होता हा. दवाखान्यात ते तिला मॅडम म्हणायचे आणि ती त्यांना 'या, बसा' म्हणायची, मग दोघंही हसू दाबायची. आज अंगात तोच निळा शर्ट होता. खांद्यावर आईचे बारीक टाके दिसत होते.

ती उठून डब्यात गेली आणि वेल्डरने उठताना सरकवलेली आतली खुर्ची बाकीच्यांसारखीच काटकोनात फिरवली. आता बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे होणार होतं, आणि खिडकीतून तिला त्याचा फक्त एक गाल आणि एक कान दिसणार होता.

"अशी नको गं," बाबा 'मॅडम' विसरून म्हणाले. "भिंतीकडे तोंड केलं की दम कोंडतो माझा. तुला माहीत आहे."

"नियम आहे तसा."

"चार वर्षं नव्हता तो?"

"होता," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने बसले. तिने हेडफोन चढवले. लांब पाळ्यांचे मोठे कान होते त्यांचे. लहानपणी ती खांद्यावर बसायची तेव्हा तोल जाऊ नये म्हणून हेच कान धरायची. डब्याचं जाड दार तिने लावून घेतलं.

पहिला सूर. हिरवा दिवा. थोडा हळू. दिवा. आणखी हळू. दिवा. ती एकेक पायरी उतरत गेली आणि बाबा तिच्यामागे उतरत गेले. उंच, किनरे सूर लावले, जे पंपघरातल्या माणसाचे सगळ्यात आधी जातात. तिथेही दिवा. तिच्या छातीवरचा दगड हलला. वेल्डरचा तिला चांगलाच राग आला. हूक आला तेव्हा बाबा कामात गुंग असतील, त्यांची ती सवयच आहे. उगीच चांगल्या माणसाच्या मागे लागतात लोक. तिने तक्त्यावर लाल गोल काढायला सुरुवात केली. गोलही सुरेख, तक्त्याच्या अगदी वरच्या ओळीत, विशीतल्या पोराचे पडतात तसे.

तेवढ्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हतं ते, सकाळपासून यंत्राच्या उजेडाकडे बघून डोळे चुरचुरत होते. तिने पेन ठेवलं, चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले.

डोळे उघडले तर हिरवा दिवा लागलेला.

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर होता. यंत्राने सूर सोडलेला नव्हता. चुकून लागला असेल म्हणून ती तशीच बसून राहिली. दिवा विझला. थोडा वेळ गेला आणि परत लागला. विझला. तेवढाच वेळ गेला, परत लागला. आत बाबा भिंतीकडे तोंड करून, मान जरा वाकडी करून, मन लावून ऐकत होते, आणि त्यांच्या कानात काहीही जात नव्हतं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. दर चार सेकंदांनी दिवा लागत होता. चार सेकंद म्हणजे तिचाच हात. दमलेला, स्वतःच्या मनाने चालणारा तिचा हात चार-चार सेकंदांनी सूर सोडत होता, आणि बाबांनी तो ताल उचलला होता. तीस वर्षं पंपांचे ठोके मोजलेला माणूस तो, त्याला चार सेकंद मोजायला कितीसा वेळ लागणार? आणि एवढी वर्षं तर खुर्ची समोर होती. सूर सोडताना आपण काय करतो, खांदा हलवतो की पापणी पाडतो, ते तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. बाबांना ठाऊक असणार. आजपर्यंत त्यांनी तिच्याकडे बघून बटण दाबलं होतं, आणि तिने खाली सही केली होती. लोकांचे कान तपासत जगाला शहाणपण शिकवायचं, आणि स्वतःच्या दिव्याखाली हा एवढा अंधार.

तक्ता फाडून तिने नवा घेतला आणि मनात आकडे धरले. सात. दोन. अकरा. तीन.

बाबा चुकायला लागले. सूर नसताना दाबत, असताना गप्प बसत. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तालाने दाबणं थांबवलं आणि खांदे खाली सोडले. तिने आवाज वाढवत नेला. चाळीस, पन्नास, साठ डेसिबल. जाडे, खालचे सूर त्यांना बऱ्यापैकी येत होते. वर जाऊ लागलं की रेघ कड्यावरून पडावी तशी पडत होती. पंधरा वर्षांत असे शेकडो तक्ते तिने काढले होते. हा काढताना मात्र पेन घट्ट धरावं लागलं.

असं का होतं, हे ती रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगायची. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, आणि तिच्यात बारीक बारीक केस. प्रत्येक सुराचे केस वेगळे. किनऱ्या सुरांचे अगदी दाराशी, जाड्या सुरांचे आत खोल. येणारा प्रत्येक आवाज दारातूनच आत जातो, म्हणून दाराशीचे केस आधी झिजतात, पायपुसणं झिजतं तसे. जिभेला चटका बसला तर दहा-पंधरा दिवसांत चव परत येते. हाताची सालं गेली तर नवी कातडी धरते. नाकाच्या आतलंही जुनं जाऊन नवं येत राहतं. कानातल्या केसांना मात्र दुसरा जन्म नाही. मग समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. पुरुषांचं थोडं कळतं, बायकांचं कमी, आणि लहान मुलांचं तर जवळजवळ नाहीच.

तिची मुलगी सात वर्षांची होती. आवाज इतका बारीक की घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे. शाळा सुटली की ती आजोबा-आजीकडे असायची, आणि रोज संध्याकाळी आजोबांच्या मांडीवर चढून त्यांच्या कानात एक गुपित सांगायची. 'आजोबांनाच का सांगतेस?' विचारलं तर म्हणायची, 'कारण ते कुणालाच सांगत नाहीत.'

शेवटची तपासणी राहिली होती. तिने आत जाऊन हेडफोन काढले आणि कानामागच्या हाडावर टेकवायचं एक लहान चौकोनी यंत्र लावलं. आवाज कानाच्या भोकातून न जाता हाडातून आत जातो का, ते त्याने कळतं. बाहेर येऊन तिने एक जाडा सूर सोडला. दिवा लागला. पुन्हा, वेगळ्या अंतराने. पुन्हा लागला, अगदी बिनचूक. अशा वेळी एक प्रश्न विचारावाच लागतो, कारण जाडा सूर हाडावर नुसता थरथरतोही, आणि माणूस त्या थरथरीलाच आवाज समजतो. ती दार उघडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऐकू आलं की जाणवलं?"

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. आता तिला ते दिसलं. ते डोळ्यांकडे बघत नसत, ओठांकडे बघत. कधीपासून, कोण जाणे.

"त्यात काय फरक असतो?" त्यांनी विचारलं.

"बाबा."

"जाणवलं," ते म्हणाले. "ऐकू नाही आलं."

ती डब्याच्या उंबऱ्यावरच बसली. दोघांच्या मधे हातभर अंतर होतं.

"का केलंत असं?"

"पहिल्या वर्षी मुद्दाम नाही केलं गं. मला वाटलं, येतंय ऐकू. तू समोर बसली होतीस, दमलेली. तू कधी बटण दाबतेस ते दिसायचंच मला, तुझी हनुवटी जराशी खाली येते. म्हटलं, येतंय ते ऐकूच येतंय. आणि नाही आलं तर पोरीला आणखी अर्धा तास बसावं लागेल. चेहरा बघवत नव्हता तुझा."

"माझ्यावर ढकलू नका."

"नाही ढकलत." मग ते हळूहळू, पण जरा मोठ्यानेच बोलू लागले. "मी पंपांना कानाने कधी ऐकलंच नाही. ती सळई लोकांना दाखवायला. पंपावर हात ठेवला की मला कळतं, बेअरिंग कोरडं आहे का पाणी तुटतंय. मोटार तापायला लागली की तिचा वास येतो, तापमानाच्या काट्याला कळायच्या आधी मला येतो. तेल खराब झालंय का ते मी जिभेला लावून सांगतो, कण लागतात दाताखाली. एक गेलं म्हणून काय झालं? तीन शाबूत आहेत. चौदा महिने राहिलेत फक्त. तू आत्ता लिहिलंस तर मला तिथून उठवून वखारीत बसवतील, पान्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. चौदा महिने, एवढंच. सोड ना."

तिला खूप वाटलं, सोडावं. हे सगळं खरंही होतं. घरी दूध उतू जायच्या आत बाबाच ओरडायचे, आणि सगळ्यांना वाटायचं काय तिखट कान आहेत म्हाताऱ्याचे. नाक होतं ते. आणि दुसरी गोष्ट, जी कबूल करायची तिला लाज वाटली. खरं लिहिलं की मागच्या चार सह्यांचं काय, हे विचारलं जाणारच होतं. झाकली मूठ झाकलेलीच ठेवली तर दोघांचंही निभत होतं.

मग तिला खांद्यावरचे टाके दिसले.

"हूक हाताला कळला का?" ती म्हणाली.

"काय?"

ती पुढे सरकली, त्यांना तिचे ओठ नीट दिसतील इतकी. "परवाचा हूक. हाताला कळला? वासाने कळला? हात आणि जीभ वस्तू अंगाला लागल्याशिवाय काही सांगत नाहीत, बाबा. नाकाला वास आणायला वारा लागतो. पाठीमागून येतं ते एकटा कान सांगतो. तो हूक तुम्हाला लागला असता तेव्हा जाणवलाच असता. चांगला जाणवला असता."

बाबांनी कानामागचं यंत्र स्वतःच काढलं, तिच्या हातात ठेवलं आणि निघून गेले. जाताना दार जोरात आपटलं. रागाने आपटलं का त्यांना तो आवाज आलाच नाही, ते तिला कळलं नाही.

तिने तक्ता पुरा केला, सही केली आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन तो टेबलावर ठेवला. सोबत मागच्या चार वर्षांचे चार तक्ते.

"हे चार खोटे आहेत," ती म्हणाली. "हा खरा आहे. आणि हे माझे वडील आहेत."

डॉक्टरांनी पाचही बघायला बराच वेळ घेतला. "खुर्ची फिरवत नव्हतात?"

"यांचीच नाही. बाकीच्यांची फिरवते. पण अंतर सारखं पडतंय माझं. किती दिवसांपासून ते सांगता येणार नाही."

"म्हणजे बाकीच्यांचेही..."

"आज सकाळपासूनचे तरी परत करावे लागतील. अठ्ठावीस कान, आणि वेल्डरचे दोन."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला. "तुमचं काय करायचं ते उद्या बघू," ते म्हणाले. "आज घरी जा. झोपा जरा."

संध्याकाळी ती चिमणीला आणायला आईकडे गेली. बाहेरच्या खोलीत टीव्ही नेहमीसारखा कोकलत होता. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते आणि त्यांनी मान वळवली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आई भाजी चिरत होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय बाई? मोठ्याने बोल. माझे कान गेलेत हल्ली."

"तुझे कान ठणठणीत आहेत, आई. टीव्ही त्यांच्यासाठी मोठा लावतेस. बोलायच्या आधी कोपराला हात लावतेस त्यांच्या. मी कितीदा म्हटलं, चल तुझे कान तपासते, तर का आली नाहीस, ते कळलं आज मला."

आईची सुरी थांबली. "सहा-सात वर्षं झाली," ती खालच्या आवाजात म्हणाली. "काय करायचं होतं मग? घरी बसला असता तर भिंतींना हात लावत फिरला असता तो माणूस. चांगले हातपाय चालतायत, येतोय जाऊन, म्हटलं जाऊ दे."

"आणि हूक?"

"कसला हूक?"

तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई सोंग करत नव्हती. शर्ट दाराच्या कडीत अडकला, हे आईला बाबांनी सांगितलं होतं, आणि आईने खरं मानून टाके घातले होते. मग तिला सांगावंच लागलं. आईने ऐकून घेतलं, सुरी ठेवली, ओटा धरून हळूच खाली स्टुलावर बसली, आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. या घरात प्रत्येकाने दुसऱ्याला जपण्यासाठी काहीतरी लपवलं होतं, आणि त्या सगळ्या जपण्यातून तो हूक आत आला असता. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर टीव्ही बंद झाला. तिने दारातून डोकावून पाहिलं. चिमणीने तो बंद केला होता, गुपिताच्या वेळी ती नेहमीच करायची. मग ती आजोबांच्या मांडीवर चढली, त्यांचा लांब कान दोन्ही हातांनी धरला आणि त्यात तोंड घालून बराच वेळ कुजबुजत राहिली. बाबा रोजच्यासारखे गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते. मान हलवता हलवता त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. त्यांची लेक तिथे उभी होती. तिने कसलीही खूण केली नाही, आणि राग धरायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

बाबांची मान हलायची थांबली.

"थांब," ते चिमणीला म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

"कुठलं?"

"काहीच नाही. मला ऐकू येत नाही गं, चिमणे. बारीक बोललेलं तर अजिबात नाही."

चिमणी मागे सरकून त्यांच्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"तू बोलायला लागलीस त्याच्याही आधीपासून."

तिने हिशेब केला असावा, कारण तिचा चेहरा पडला. "म्हणजे कालचं?"

"नाही."

"आणि बाईंच्या खडूचं? आणि मी रडले होते ते?"

"एकही नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो तसाच फाटू दिला. "मी नुसती मान हलवत होतो. चुकलं माझं."

आता पोर भोकाड पसरणार असं दारातून बघणाऱ्या तिला वाटलं. चिमणी रडली नाही. ती मांडीवरून उतरली, खुर्चीपुढचं छोटं स्टूल ओढून आजोबांच्या अगदी समोर बसली आणि स्वतःचं तोंड नीट उजेडात येईल अशी सरकली.

"मग पहिल्यापासून सांगायला लागेल," ती वैतागून म्हणाली. "खूप आहेत."

"सांग. असं माझ्याकडे बघून सांग."

बाबा पुढे वाकले. त्यांनी आपला रुंद, तेलाचे काळे डाग कायमचे मुरलेला हात तिच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला, पंपावर ठेवायचे तसा, आणि डोळे तिच्या ओठांवर लावले. चिमणीने पहिलं गुपित सांगायला घेतलं. दारात उभी असलेली ती मागे फिरली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, कारण ते तिच्यासाठी नव्हतं.